कोळशाला आपपर नसते

पिंपरीच्या एका कारखान्यातील पाणीशुद्धीकरण विभागात माझी तीस वर्षे गेली. रंगकामासाठी लागणारे पाणी नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाच्या टाकीतून जाई. नको असलेला वास आणि क्लोरीन तेथेच अडत. बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन आढळू लागला, की कोळसा थकला असे समजून आम्ही तो बदलत असू.

हा चुलीतला कोळसा नव्हे. अतिशय तापलेल्या वाफेने त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात. त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग १,००० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! त्या पृष्ठभागाला इतर पदार्थांचे रेणू चिकटून बसतात. यालाच अधिशोषण म्हणतात. मोटारीच्या कार्बन ब्रशातील ग्रॅफाइटही कार्बनच. पण त्याची घडण घट्ट, त्यामुळे हे काम त्याला फारसे साधत नाही.

एवढे ठाऊक असूनही मी चुकलो. पत्नीला गॅसेसचा त्रास होता, म्हणून कोळशाच्या काळ्या गोळ्या मीच दुकानातून आणल्या. रोज सकाळी रक्तदाबाच्या गोळीबरोबरच ती त्या घेऊ लागली. महिनाभरात आटोक्यातला रक्तदाब चढला. डॉक्टर औषधाची मात्रा वाढवणार, तोच सूनबाईने पिशवीतील सगळी औषधे टेबलावर मांडली. काळ्या गोळ्या पाहून डॉक्टर म्हणाले, "काका, काही विषबाधांत विष धरून ठेवायला आम्ही हाच कोळसा पोटात देतो. विष कोणते आणि औषध कोणते, हे त्याला कळत नाही."

मी खाली मान घातली. त्या गोळ्या थांबल्या आणि काही आठवड्यांत रक्तदाब पूर्वपदावर आला.

आपल्याही घरी अशा गोळ्या असतील, तर त्या डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात; इतर औषधांपासून किती अंतर ठेवायचे, हे त्यांनाच विचारावे. विषबाधेचा संशय आल्यास घरी कोळसा देत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. लोह, मद्य, तीव्र आम्ले यांच्यापुढे कोळशाचे फारसे चालत नाही.

स्वयंपाकघरातील पाण्याच्या यंत्रावर कोळशाचा फिल्टर बदलल्याची तारीख मी लिहून ठेवतो. तिच्या शेजारीच आता सूनबाईने सासूबाईंच्या औषधांची यादी चिकटवली आहे.