यात्रा भरलेली असताना

"यात्रा संपली की निवांत या," असं आम्हाला हमखास सांगितलं जातं. आमच्या सहा जणांत दोघं व्हीलचेअरवर, एक कुबड्यांवर. सल्ला काळजीपोटीच असतो. पण यात्रा उठल्यावर सारंगखेड्यात निवांत बघायचं काय? तापीकाठी एकमुखी दत्ताचं मंदिर असतंच. घोडे मात्र गेलेले असतात.

म्हणून आम्ही दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी, सकाळी लवकर जातो. तोवर घोडे यायला लागलेले असतात, गर्दी व्हायची असते. थांबायचं दोनच तास. आदल्या दिवशी एकजण तीन गोष्टी बघून येतो: गाडी कुठवर जाते, जमीन किती भुसभुशीत आहे, संडासाच्या दारातून खुर्ची आत जाते का. सोबत फळी असते. पण १:१२ चा उतार धरला, तर सहा इंचांच्या एका पायरीलाही सहा फूट लागतात. म्हणून पायऱ्या आधीच मोजलेल्या बऱ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २९वं कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीतल्या समान सहभागाबद्दल आहे. घोडे गेल्यावर रिकामं मैदान बघितलं, तर तो सहभाग कसला? घोडा दौडताना उडणारी धूळ आमच्याही नाकातोंडात जायला हवी.