अर्धी पेटलेली माळ

न्यू जर्सी, डिसेंबर. जुन्या वस्तूंच्या दुकानातून दोन डॉलरला शंभर दिव्यांची ख्रिसमसची माळ आणली. लावली तर अर्धीच पेटली. प्लग काढून एकेक बल्ब तपासत बसले. पन्नास-पन्नास बल्बांच्या दोन ओळी. १२० व्होल्ट पन्नासांत वाटले, की एकाच्या वाट्याला जेमतेम अडीच. बल्बातली तार जळाली तरी बुडाशी गुंडाळलेली दुसरी बारीक तार वीज पुढे जाऊ देते. पण बल्ब खोबणीत नीट टेकला नाही तर अख्खी ओळ अंधारात. एकोणतिसाव्याची केसाएवढी तार आत मुडपली होती. चिमट्याने सरळ केली, प्लग लावला, आणि खिडकी उजळली! किती बरं वाटलं. दिवाळीचा कंदील अजून तिथेच लटकतोय, त्याच्याशेजारीच माळ सोडली. बंद पडलेली माळ लगेच फेकू नका हो, आधी एकेक बल्ब बघा.