शब्द कळला, आशय निसटला

गेल्या फाल्गुनातील गोष्ट. शाळेत परीक्षांची धामधूम होती. एका संध्याकाळी सौ. म्हणाली, "पित्त झालंय बहुधा. उजव्या कुशीत दुखतंय." मराठी घरात हे वाक्य कुणाला नवे आहे? मी मोरावळ्याची बरणी पुढे केली आणि उत्तरपत्रिकांत डोके घातले. दुसऱ्या दिवशी तिची अन्नावरची वासना उडाली. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप चढला. हिवताप असेल, अशी मी स्वतःचीच समजूत घातली. पाचव्या दिवशी तिला उठवेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेले. सोनोग्राफी पाहून ते म्हणाले, "मास्टरसाहब, पित्त की थैली में पथरी है, और लिवर में मवाद."

पित्ताशय यकृताच्या खालच्या अंगास चिकटून असते. त्याच्या तोंडाशी खडा अडकला की पित्त कोंडते, पिशवी सुजते, जंतू माजतात. दुर्लक्ष झाले तर क्वचित तिची भिंत फाटून पू शेजारच्या यकृतात शिरतो आणि तेथे गळू होते. आम्हा बुऱ्हाणपूरकरांना येथे कुंडी भंडारा आठवावा. १६१५ च्या सुमारास बांधलेला, सातपुड्याचे पाणी शहराकडे आणणारा तो भुयारी मार्ग क्षारांचे थर चढून आतल्या आत अरुंद होत गेला. वर वावरणाऱ्यांना त्याची चाहूलही लागली नाही. सौ.च्या मधुमेहाने तर वेदनेची धारही बोथट केली होती.

पुढे जळगावी सोनोग्राफीच्या आधाराने यकृतात बारीक नळी घालून पू काढला, प्रतिजैविके दिली आणि दोन महिन्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकले. १८८२ साली बर्लिन येथे लांगेनबुख या शल्यविशारदाने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया, अर्थात पोट उघडून, प्रथम केली. पित्ताशयावाचून माणूस जगतो, याचा आधार आज आमच्या घराला मिळाला आहे.

घरी परतल्यावर मी विचारले, "इतके दुखत होते, तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते की! पण तुमच्या परीक्षा होत्या ना, म्हणून पुन्हा नाही म्हटलं."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे मुलांना सांगत आलो की, शब्दापाशी थांबू नका, आशयापर्यंत जा. घरात मात्र 'पित्त' हा शब्द ऐकला आणि तेथेच थांबलो. वाचकांना एवढीच विनंती : उजव्या कुशीतले दुखणे आणि थंडी वाजून येणारा ताप एकत्र आले, तर मोरावळ्याची बरणी फडताळातच राहू द्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांचे दार गाठावे.