उरलेले सात स्नॅक

आई मेन्यूकार्ड उजवीकडून वाचते. आधी किंमत. माझ्याकडे अमेरिकेला आल्यापासून तर प्रत्येक डॉलरचे रुपये करते आणि म्हणते, "मला भूकच नाहीये."

म्हणून ऑर्लँडोला डिस्नी वर्ल्डच्या हॉटेलसोबत मी क्विक सर्व्हिस डायनिंग प्लॅन घेतला. दर रात्रीमागे माणशी 2 जेवणं, 1 स्नॅक. पैसे आधीच भरलेले. आम्हा कमी खाणाऱ्या, शाकाहारी बायकांना तो महागच पडतो (मी गणित केलं होतं, आईचीच मुलगी), पण तिने किंमत बघू नये एवढंच मला हवं होतं.

तिने क्रेडिट मोजायला सुरुवात केली. "राहू दे, उद्या लागेल." 4 रात्रींचे दोघींचे मिळून 8 स्नॅक; शेवटच्या दिवशी 7 शिल्लक.

"आई, आज रात्री 12 ला सगळे बाद होतात."

"बाद? भरलेले पैसे?"

ताडकन उठली. मिकीच्या कानांची दोन आइस्क्रीम घेतली, दोन्ही स्वतःसाठी. दुसरं अर्धं झाल्यावर हात थांबला.

"बाबांना कुल्फी दोन लागायच्या. मी कधी घेऊ दिली नाही गं दुसरी."

काडीवरून आइस्क्रीम तिच्या मनगटावर ओघळत होतं. मी टिश्यू शोधत राहिले.