टोरांटोंतील लाल ठिपका

हॉकी म्हटली कीं वडिलांच्या तोंडून ऐकलेला ध्यानचंद आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. गेल्या हिवाळ्यांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही सपत्नीक टोरांटोस गेलों, तेव्हां तेथें हॉकी म्हणजे बर्फावरचीच, दुसरी नव्हे, हें पहिल्याच सायंकाळीं कळून चुकलें. पानें मांडलीं होतीं, वरण निवत होतें. परंतु पुतण्या व त्याचा मुलगा चि. ओंकार यांचा वाद आटोपेना. एवढ्या मोठ्या शहरास हॉकीचा दुसरा धंदेवाईक संघ हवा कीं नको, हा तो वाद.

पुतण्याचें म्हणणें हिशेबी होतें. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें टोरांटो व उपनगरें मिळून वस्ती ६२ लक्षांची. संघ मात्र मेपल लीफ्स हा एकच, आणि त्याच्या क्रीडागृहांत माणसें मावतात सुमारें १८,८००. साहजिकच तिकिटें अशीं महाग कीं चौघांच्या कुटुंबास वर्षांतून एकदां जाणेंही जड व्हावें. शिवाय गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाहीं अशी खात्री असल्यावर मालकास जिंकण्याची निकड ती काय? १९६७ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ लीफ्सच्या हातीं स्टॅन्ले चषक लागला नाहीं, हें त्यानें घरांतलें मूल नापास झाल्याच्या स्वरांत सांगितलें. न्यूयॉर्कच्या परिसरांत तीन संघ नांदतात, मग येथें दोन कां नकोत?

“पण बाबा, दुसरा संघ जिंकला तर तो आपला विजय कसा?” ओंकारचा प्रश्न एवढाच. आम्हांस तो पोरकट वाटला नाहीं.

संघ आणणेंही सोपें नव्हे. लीगच्या नियमानें प्रत्येक संघास आपल्या शहराभोंवतीं पन्नास मैलांचा मुलूख राखून ठेवलेला असतो. आमच्याकडील जुन्या देशमुखी वतनाचाच प्रकार! २००९ सालीं जिम बॅल्सिली या उद्योगपतीनें फिनिक्स येथील दिवाळखोर संघ विकत घेऊन जवळच्या हॅमिल्टनांत आणण्याचा घाट घातला. लीगनें विरोध केला व न्यायालयानेंही नकार दिला. संघ मिळाला तरी तो टिकेलच असें नाहीं. माँट्रियल येथें फ्रेंचांचा कॅनेडियन्स व इंग्रजी भाषिकांचा मरून्स असे दोन संघ होते. मरून्सनीं १९२६ व १९३५ असा दोनदां चषक जिंकला. तरीही मंदीच्या तडाख्यांत १९३८ सालीं त्यांनीं खेळ थांबविला. खुद्द टोरांटोंत १९७३ सालीं टोरोज नांवाचा संघ प्रतिस्पर्धी लीगमध्यें उतरला, तोही १९७६ सालीं अलाबामांतील बर्मिंगहॅमला निघून गेला.

एके दिवशीं सूनबाई व चि. मैत्रेयी यांच्यासह आम्ही कार्ल्टन रस्त्यावर भाजी घेण्यास गेलों. ही इमारत म्हणजे १९३१ चें मेपल लीफ गार्डन्स. १९९९ पर्यंत लीफ्स येथेंच खेळत. आतां खालीं किराण्याचें भलेंमोठें दुकान आहे. फळ्यांच्या रांगांमध्यें जमिनीवर एक लाल ठिपका दिसला. बर्फाच्या मैदानाचा मध्य तो हाच. १९६७ चा चषक याच जागीं जिंकला गेला, आणि आतां लोक त्यावरून बटाट्यांच्या गाड्या ढकलीत होते. कोथिंबिरीची जुडी हातांत घेऊन आम्ही अंमळ थबकलों.

“आजोबा, वरतीं अजून बर्फ आहे,” मैत्रेयी म्हणाली. “आणि दुसरा संघ तिथेंच सुरू झाला. बाबा आणि दादा तो मोजतच नाहींत.”

तिची माहिती खरी निघाली. १ जानेवारी २०२४ रोजीं स्त्रियांच्या धंदेवाईक लीगचा पहिला सामना माडीवरच्या त्या मैदानावर झाला. टोरांटोचा संघ न्यूयॉर्ककडून ०–४ असा हरला; पण त्याच फेब्रुवारींत माँट्रियलविरुद्धचा त्याचा सामना पाहण्यास लीफ्सच्याच क्रीडागृहांत १९,२८५ प्रेक्षक लोटले. रात्रीं पानावर आम्ही ही गोष्ट काढली. पुतण्या हंसला. “काका, तें निराळें.” निराळें कसें, हें मात्र त्यास सांगतां येईना, आणि सूनबाईंनीं वाढतां वाढतां त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें तिचें वर्णन आम्ही करीत नाहीं. खरें तर दोन आठवडे त्या वादांत कान घालून बसलेल्या आम्हांसही तो प्रश्न सुचला नव्हता.

पुढील रविवारीं सहाहीजण त्या संघाच्या सामन्यास गेलों. तिकिटें पुतण्यानेंच काढलीं आणि किंमत पाहून दोनदां खात्री करून घेतली. ओंकार हट्टानें लीफ्सची टोपी घालून आला होता. आम्हांस खेळापेक्षां थंडीच अधिक समजली. परंतु पहिला गोल झाला तेव्हां आमच्या रांगेंत सर्वांआधीं उभा राहिला तो ओंकार.