तरंगलेले मणी

आजोबांची रुद्राक्षाची जपमाळ माझ्याकडे आली तेव्हा तिचा दोरा इतका कुजला होता, की गोमुखीतून काढतानाच तुटला आणि मणी परातीत ओघळले. शेजारच्या काकूंनी वाटीभर पाण्यात एकेक मणी टाकून बघितला. बहुतेक बुडाले, काही तरंगले. "हे खोटे आहेत गं," काकू म्हणाल्या, "नदीत सोडून दे." त्यांनी हे मायेनंच सांगितलं, पण माझ्या पोटात गलबललं. आमच्या नात्यातल्या एका घरात अशीच एक माळ केवळ तरंगली म्हणून विसर्जित झाली आहे.

रुद्राक्ष म्हणजे निळ्या फळातली कठीण आठळी. ती वाळली, आतल्या पोकळीत हवा राहिली, तर खरा मणीही तरंगतो; आणि शिसं भरलेला नकली मणी सरळ तळ गाठतो. पाण्याला कळतो तो फक्त हलकेपणा-जडपणा. तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये धरला की खरा मणी फिरतो म्हणतात, तेही मी करून पाहिलं. मग त्याच नाण्यांमध्ये बोराची आठळी धरली. तीही फिरली. खडबडीत वस्तूवर बोटांचा दाब थोडा इकडेतिकडे पडला की ती वळतेच.

त्र्यंबकेश्वरला देवळाजवळ रुद्राक्षांची दुकानं आहेत. तिथल्या एका वयस्कर दुकानदारानं माझ्या हातात भिंग दिलं आणि मण्यावरच्या उभ्या रेघेवर, म्हणजे मुखावर, बोट ठेवलं. खऱ्या मुखाची रेघ एका टोकाच्या छिद्रापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, उंचवट्यांमधून वाट काढत. कोरलेली रेघ उंचवटे कापत जाते, नाही तर मध्येच उथळ होते. साच्यातल्या प्लास्टिकच्या मण्यांवर तेच खड्डे, तेच उंचवटे पुन्हापुन्हा दिसतात. झाडावरचे दोन मणी कधीच इतके सारखे नसतात. दोन मणी चिकटवून केलेल्या गौरीशंकराचा, म्हणजे जुळ्या रुद्राक्षाचा, सांधाही भिंगाखाली उघडा पडतो. महागडा एकमुखी घ्यायचा असेल तर मात्र डोळ्यांवर विसंबू नये, एक्स-रे काढून घ्यावा. साधारणपणे जितकी मुखं, तितके आत बियांचे कप्पे. पंचमुखीच्या चार रेघा घासून बुजवता येतात. आतले कप्पे बुजवता येत नाहीत.

आजोबांची माळ पंचमुखीच होती. नेपाळातून आणि इंडोनेशियातून सगळ्यात जास्त येतो तो हाच, आणि स्वस्तही. त्याची नक्कल करून कुणाला फारसं काय मिळणार? तरीही मी प्रत्येक मणी भिंगाखाली धरला. रेघा शाबूत होत्या, फक्त त्यांत वर्षानुवर्षांचा मळ आणि घाम साचला होता.

मग स्वच्छता. साबण लावला नाही. तो फटींत बसतो आणि मण्याचं तेल ओढून घेतो. कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढंच. मणी सावलीत वाळवले, कारण कडक उन्हात ते तडकतात. वाळल्यावर तिळाच्या तेलाचा हात फिरवला आणि जास्तीचं सुती फडक्यानं टिपून घेतलं. करडे पडलेले मणी पुन्हा गडद तपकिरी झाले. उकळत्या पाण्याची परीक्षा काहीजण सुचवतात. वापरातल्या जुन्या मण्यांना मी ती कधीच देणार नाही.

ओवायला पक्का सुती दोरा घेतला. दर मण्यानंतर गाठ, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि जप करताना बोटाला पुढचा मणी नेमका लागतो. १०८ मणी झाल्यावर दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र करून मेरुमणी, आणि वर ब्रह्मगाठ. तरंगलेले मणी मी वेगळे ठेवले नाहीत. ते कुठे ओवले गेले, आता मलाही सांगता येणार नाही.