विंगेतला माणूस

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती मी तळापासून वाचतो. ठसठशीत टाइपातली नटनट्यांची नावे ओलांडून माझी नजर खाली जाते. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सूत्रधार’ म्हणून एक नाव असते. संस्कृत नाटकातला सूत्रधार निदान नांदी संपल्यावर रंगभूमीवर येई, नटीशी दोन गोड शब्द बोलून आत जाई. आमचा हा सूत्रधार प्रेक्षकांना दिसतच नाही. तो नाट्यगृहाच्या तारखा मिळवतो, बस ठरवतो, नायकाच्या सासऱ्याचे आजारपण आणि रविवारचा प्रयोग यांची सांगड घालतो, आणि पडदा वर गेला की विंगेत उभा राहून प्रेक्षागृहातली डोकी मोजतो. हशा नटाचा, टाळी लेखकाची. उरल्या शिव्या तेवढ्या याच्या!

अशा माणसाने आठवणी लिहिल्या तर त्या कशा असतील, याचे मला फार दिवसांचे कुतूहल होते. ते फिटले एका अनपेक्षित पुस्तकाने. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात अँड्र्यू लूग ओल्डहॅम याचे ‘स्टोन्ड’ हे आत्मचरित्र हाती लागले. पुस्तक २००० सालचे, आणि लेखक म्हणजे ‘रोलिंग स्टोन्स’ या जगप्रसिद्ध रॉक बँडचा एके काळचा मॅनेजर. रॉक संगीताशी माझा संबंध म्हणाल तर वरच्या मजल्यावरच्या चिरंजीवांच्या गिटारपुरता, आणि तोही छतामधून येणारा! पण पहिली दहा पाने मी उभ्याउभ्याच वाचली आणि पुस्तक घरी आले.

ओल्डहॅमचा जन्म जानेवारी १९४४ मधला, लंडनचा. वडील अमेरिकन वैमानिक. १९४३ च्या जूनमध्ये त्यांचे विमान इंग्लिश खाडीवर पडले. म्हणजे पोराने बाप पाहिलाच नाही. मेरी क्वांट या वेशभूषाकार बाईंच्या दुकानात तो पडेल ते काम करी. पुढे ‘बीटल्स’च्या प्रसिद्धीचेही काम त्याने काही काळ केले. १९६३ च्या एप्रिलमध्ये रिचमंड येथील स्टेशन हॉटेलात तो एक नवा बँड ऐकायला गेला आणि त्याला आपल्या आयुष्याचे प्रयोजन सापडले. वय वर्षे एकोणीस! इंग्लंडात तेव्हा एकविसाव्या वर्षापर्यंत माणूस कायद्याने अज्ञान समजला जाई. म्हणून एरिक ईस्टन नावाच्या वयस्क एजंटाला भागीदार घेऊन याने कारभार हाती घेतला.

बँडचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’. मराठीत सांगायचे तर गडगडणारे धोंडे. मडी वॉटर्स या निग्रो गायकाच्या एका गाण्यावरून ते घेतलेले. बीटल्सची पोरे कोट-टाय घालून वाकून नमस्कार करीत. ओल्डहॅमनेही आरंभी आपल्या पाचजणांना एकसारखी चौकडीची जाकिटे घालून टेलिव्हिजनवर उभे केले. पण लवकरच त्याच्या ध्यानात आले की, आईबापांना आवडणारा बँड बाजारात आधीच आहे. न आवडणाऱ्याची जागा मात्र रिकामी आहे! जाकिटे गेली, केस वाढले, चेहऱ्यांवर उर्मटपणा आला. १९६४ साली तिकडच्या पत्रांतून, आपली मुलगी किंवा बहीण असल्या पोरांबरोबर धाडाल काय, अशा धर्तीचे सवाल झळकू लागले. त्यामागे डोके याचेच होते. आपल्याकडे असा प्रश्न पडला की स्थळ मोडते. तिकडे तिकिटे खपली.

पण हा केवळ गमज्या करणारा पोरगा नव्हता. त्याने ध्वनिमुद्रिका कंपनीला मुद्रण विकले नाही. खर्च स्वतः करून मूळ फीत आपल्याकडे ठेवली आणि ती डेक्का कंपनीला कराराने वापरायला दिली. वाड्याची मालकी न सोडता भाडेकरू ठेवावा तशी ही युक्ती! दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही मुले दुसऱ्यांची गाणी गात. अगदी बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनीसुद्धा १९६३ मध्ये त्यांना एक गाणे दिले होते. परक्याच्या शिदोरीवर प्रवास फार लांबचा होत नाही, हे ओल्डहॅमने ओळखले. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांना त्याने स्वयंपाकघरात कोंडले आणि गाणे झाल्याशिवाय दार उघडले नाही, अशी कथा आहे. कडीबद्दल मतभेद आहेत. पण त्याने तगादा लावला आणि ही जोडी गीतकार झाली, याबद्दल नाहीत.

आता याच हाताने केलेले दुसरे काम पाहा. बँडचा पियानोवादक इयन स्ट्यूअर्ट हा अगदी आरंभापासूनचा गडी. ओल्डहॅमने सांगितले, सहा चेहरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय याचा चेहरा शोभत नाही. स्ट्यूअर्ट छायाचित्रांतून गेला. दुसरा कोणी असता तर पियानोचे झाकण आपटून घरी गेला असता. हा राहिला. सामानाची गाडी चालवली, वाद्ये मांडली, ध्वनिमुद्रणात पियानोही वाजवला, आणि हे सारे १९८५ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत! पुस्तकातला हा भाग वाचताना मी मध्येच उठून पाणी प्यालो.

अशा कारभाऱ्याचा शेवट काय झाला असेल? १९६५ साली अॅलन क्लाइन हा अमेरिकन व्यवहारपंडित कारभारात आला. त्याला ओल्डहॅमनेच आणले, आणि हळूहळू सूत्रे त्याच्याकडे गेली. १९६७ च्या फेब्रुवारीत रिचर्ड्सच्या घरावर मादक द्रव्यांसाठी पोलिसांची धाड पडली. उन्हाळ्यात जॅगर आणि रिचर्ड्स न्यायालयात उभे राहिले. त्या दिवसांत हा मात्र अमेरिकेत जाऊन राहिला. विश्वास उडाला. त्याच वर्षाच्या अखेरीस संबंध तुटला. वय वर्षे तेवीस! ज्या वयात आमची मुले एम.ए.चा अर्ज भरतात, त्या वयात या गृहस्थाचे जीवितकार्य आटोपलेले होते. १९६५ मध्ये काढलेली ‘इमिजिएट’ ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी १९७० मध्ये बुडाली, आणि आपले पैसे मिळाले नाहीत म्हणून तिथले कलावंत पुढे कित्येक वर्षे तक्रार करीत राहिले. बँडच्या त्या दशकातल्या मुद्रणांचे हक्क क्लाइनच्या कंपनीकडे गेले. वाट्याला आली नशा आणि मनाचा ढळलेला तोल. कितीतरी वर्षांनी दूर कोलंबियातील बोगोटा शहरी त्याने संसार मांडला, आणि पन्नाशी उलटल्यावर लेखणी हाती घेतली.

मला या आत्मचरित्रात सर्वांत भावली ती त्याची घडण. ओल्डहॅम एकटा बोलत नाही. दर दोनचार पानांनी कोणी वादक, कोणी जुना मित्र, कोणी भागीदार येतो आणि आपली साक्ष देऊन जातो. कोणी त्याची बाजू उचलून धरतो, तर कोणी त्याची फुशारकी उतरवतो. आपल्या घरच्या सत्यनारायणाला निंदकांनाही बोलावून प्रसाद द्यावा, तसे हे आहे. आत्मचरित्र हा प्रकार मी वर्गात शिकवतो. त्यात लेखक सहसा स्वतःच आरोपी, स्वतःच वकील आणि निकालही स्वतःच देणारा असतो. ज्याने एका माणसाला छायाचित्रातून काढले, त्याने आपल्या पुस्तकात मात्र इतक्या जणांना जागा दिली, हे मला विशेष वाटले.

याच सुमारास तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी मला भेटायला आला. मित्रांच्या बँडचा तो कारभारी. टेम्पो, स्पीकर, आयोजकांकडची थकबाकी, सारे याच्याकडे. म्हणाला, “सर, यंदा परीक्षा सोडावी म्हणतो. बाबांनी सांगितलं, आधी सरांशी बोल.”

बाबांची अपेक्षा मला कळली. मी ओल्डहॅमची कथा सांगितली आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, “अरे, तेविसाव्या वर्षी संपला रे तो!”

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, “पण सर, एकोणीस ते तेवीस ही वर्षं तर त्याला मिळाली ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. माझी एकोणीस ते तेवीस ही वर्षे कोठे गेली? ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत. ती वाईट गेली नाहीत. पण ती माझ्याखेरीज कोणाला आठवायचीही नाहीत. मी त्याला एवढेच विचारले, “तुमच्यात किती जण आहेत?” तो म्हणाला, “सहा.” मी म्हटले, “सहाच्या सहा राहू देत. आणि पेपरांच्या तारखा टाळून कार्यक्रम घेता येतात का बघ. कारभारी आहेस ना?” तो हसला. त्याने परीक्षा दिली. शेवटचा पेपर संपला तेव्हा फाटकाशी टेम्पो उभा होता, एवढे मी पाहिले.

शिक्षकाचा आणि मॅनेजरचा धंदा एका बाबतीत सारखा आहे. कोणाच्या तरी अंगचा गुण जगाच्या आधी आपल्या दृष्टीस पडतो. मात्र तो पाहिल्याने आपला होत नाही. ओल्डहॅमला हे कळायला तीस-पस्तीस वर्षे लागली. ज्या उत्साहाने त्याने त्या पाचजणांना ओळखले तो खरा होता; त्यांच्यावर हक्क आहे असे वाटले, तो भ्रम. पुस्तक वाचताना जाणवते की, तो हरवलेल्या हक्कांबद्दल बोलतो तेव्हा भाषा कडवट होते, आणि रिचमंडच्या त्या संध्याकाळीबद्दल बोलतो तेव्हा पुन्हा एकोणीस वर्षांचा होतो.

१९८९ साली अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने रोलिंग स्टोन्सचा गौरव केला, तेव्हा त्यांच्या आग्रहाने इयन स्ट्यूअर्टचे नाव यादीत घेण्यात आले. ओल्डहॅमचे नाव तिथे लागले २०१४ मध्ये, आणि त्याच्याबरोबर बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एप्स्टाइन यांचे, त्यांच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. गाडीत सामान चढवणाऱ्याचा नंबर त्याला काढून टाकणाऱ्याच्या पंचवीस वर्षे आधी लागला! काळाच्या हिशेबाला थोडा वेळ लागतो खरा. पण कधीकधी तो बेरीज-वजाबाकी मोठी चोख करतो.